हार घातलेला पिंजरा

मित्रांनो, मी एक पिंजरा आहे. फार जुना नाही, नऊच वर्षांचा. पण उन्हापावसात उभा असतो, शिवाय मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे, म्हणून वयापेक्षा जरा जुनाच दिसतो.

पिंजरा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पोपट आला असेल, नाहीतर सर्कशीतला वाघ. माझ्यात यातलं कुणीच कधी राहिलं नाही. माझ्यात ट्रकचं चाक उभं करतात आणि मग त्यात हवा भरतात. शहागडला, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे, हायवेला लागून अंगदभाऊंचं टायरचं दुकान आहे. पत्र्याच्या शेडपुढे, कॉम्प्रेसरच्या शेजारी माझी जागा.

दुसऱ्या वस्तू तुम्हांला आपलं आयुष्य सांगतात तेव्हा ताठ मानेनं सांगतात. मला ते जमणार नाही. माझी गोष्ट एका माणसाच्या उजव्या हाताची आहे. तो हात सांभाळायलाच मला बनवलं होतं. आणि ज्या दिवशी तो सांभाळायचा होता, त्या दिवशी मी झेंडूचा हार घालून चार पावलांवर नुसता उभा होतो.

आधी हवेबद्दल सांगतो. तुमच्या सायकलच्या चाकातली हवा फुस्स करून निघून जाते, तुम्ही हसता आणि पंक्चर काढायला जाता. ट्रकचं चाक तसं नसतं. त्यात शंभर पाँडांच्या पुढे हवा कोंडलेली असते. जुन्या पद्धतीच्या चाकात टायर जागेवर राहावं म्हणून कडेनं एक जाड लोखंडी कडं ठोकून बसवतात, त्याला सगळे रिंग म्हणतात. रिंग खाचेत बराबर बसली तर काही भीती नाही. ती गंजलेली असली, वाकलेली असली, बोटभर जरी वर राहिली, तर हवा भरता भरता सुटते. आणि सुटली की समोर काय आहे ते बघत नाही. म्हणून चाक माझ्यात ठेवायचं. मग रिंग उडाली तरी माझ्या गजांवर आदळते. मार मी खायचा, माणसानं नाही. एवढंच माझं काम.

माझा जन्म जालन्याचा. तिथल्या भट्ट्यांत कुठकुठलं भंगार वितळतं आणि त्याच्या सळया होतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. माझे गज तिथले. जोडलं मला कडूबा मिस्तरीनं. कडूबा जाफराबादकडचा. लोखंडी गेट, कूलरचे स्टँड, शाळेचे बाक असलं करायचा. एके दिवशी त्याच्या दुकानात दोघं जण आले. एक अंगदभाऊ. दुसरा राजानंद, त्यांच्याकडे टायरचं काम करणारा, तिशीच्या आतला, सडपातळ, कमी बोलणारा. राजानंदनं खडूनं फरशीवर माझं चित्र काढलं.

“हे काय, वाघ ठेवता का?” कडूबानं विचारलं.

“हवा ठेवायची,” राजानंद म्हणाला.

“घ्या! आता हवा बी पिंजऱ्यात घाला.”

“मिस्तरी, मी बी तेच म्हणून राह्यलो,” अंगदभाऊ म्हणाले. “लोकं म्हणतील, अंगदनं अस्वल पाळलं. पण हा ऐकत न्हाई. पुण्याकडं तीन वर्षं काम करून आला, तव्हापासून ह्यानं पिंजरा-पिंजरा लावलंय.”

राजानंदनं खडू खाली ठेवला. मग म्हणाला, “तिथं आमचा एक सोबती होता. पिंजरा त्याच्यानंतर आला.”

कडूबानं चष्मा डोळ्यांवर ओढला. जिथं एकदा जोड द्यायचा तिथं त्यानं दोनदा दिला, आणि त्याचे पैसे लावले नाहीत. मित्रांनो, इतक्या काळजीनं बनवलेल्या वस्तूनं कसं वागायला हवं होतं! ते आठवलं की मान खाली जाते.

सुरुवातीची वर्षं मात्र चांगली गेली. राजानंद चाक गडगडवत आणायचा, माझ्यात उभं करायचा, लांब नळी लावायचा आणि बाजूला सरकून दुरून मीटर बघायचा. रोज असंच. ट्रकवाले हसायचे. “चाकाला जेलात टाकलं का रे?” तोही हसायचा, “जामीन झाला की सोडतो.” पण माझ्यावाचून त्यानं एकाही मोठ्या चाकात हवा भरली नाही.

मग एका उन्हाळ्यात ते झालं. उसाच्या गाडीचं चाक होतं. मीटर नव्वदच्या पुढे गेला आणि माझ्या आत असा आवाज झाला, की पुलावरची कबुतरं उडाली. रिंग माझ्या तिसऱ्या गजावर आदळली. गज वाकला, रिंग खाली पडली. धूळ बसली तेव्हा राजानंद नळी हातात धरून होता तिथंच उभा होता. सगळा, जसाच्या तसा. त्यानं आधी स्वतःचे हात बघितले, मग माझा वाकलेला गज.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या लेकीला घेऊन आला. संध्या तिचं नाव. तेव्हा पाच महिन्यांची होती, मान नुकती धरायला लागलेली. त्यानं तिला खांद्यावरून उतरवलं, तिचा इवलासा तळवा माझ्या वाकलेल्या गजावर टेकवला आणि हळूच म्हणाला, “ह्यानं तुझा पप्पा राखला.” दुधाचा वास येणारा, उबदार हात होता तो. माझ्या अंगावर तसा हात आधी कधी पडला नव्हता.

माझी चूक बहुतेक तिथंच सुरू झाली. लोक मला बघायला यायला लागले. फोटो काढायचे, वाकलेल्या गजावरून बोट फिरवायचे. “काय मजबूत हाय!” मला ते आवडायला लागलं. कौतुक कुणाला नको असतं?

कौतुक जुनं झालं, मग लोकांची घाई सुरू झाली. चाक माझ्यात घालायचं, काढायचं म्हणजे चार-पाच मिनिटं जास्त. अंगदभाऊ काही वाईट माणूस नाहीत, पण गिऱ्हाईक तोंड वाकडं करायला लागलं की त्यांना घाई व्हायची. राजानंद जेवायला गेला की ते माझ्यावाचूनच हवा भरून मोकळे व्हायचे. हळूहळू माझ्यावर सामान आलं. ओले फडके, हेल्मेट, जुन्या ट्यूब. अंगदभाऊंच्या आई, सगुणाबाई, यांनी तर एकदा माझ्या डोक्यावर लाल मिरच्याच वाळत घातल्या. राजानंद रोज ते सगळं उतरवायचा आणि चाक आत घ्यायचा.

संध्या चालायला लागल्यावर मी तिचं घरही झालो. ती माझ्यात बसून खोटा-खोटा चहा करायची आणि गजांतून बापाला द्यायची. पुढे ती शाळेत जायला लागली. तिची मम्मी, भावना, कापूस वेचायला सकाळी लवकर जीपनं जायची. म्हणून वेण्या घालायचं काम पप्पाकडे आलं. पहिलीच्या वर्गात दोन वेण्या आणि लाल रिबिनी लागत. राजानंद दुकान झाडायचा, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा, ग्रीसचा वास जातोय का ते दोनदा नाकाशी नेऊन बघायचा. मग स्टुलावर बसून लेकीला पुढ्यात घ्यायचा. पन्नास किलोचं चाक उचलणारी ती बोटं तिच्या केसांत शिरली की अशी अलगद व्हायची, की तिला डुलकी लागायची.

“राजा, टायरला बी वेणी घालतो का रं?” सगुणाबाई चहा आणता आणता चिडवायच्या.

“टायर शाळेत जायला लागलं की घालीन, काकू.”

“भांग वाकडा हाय बघ.”

“रस्ताच वाकडा हाय शहागडचा, भांग कुठून सरळ येईल?”

संध्या खुदखुदायची. भांग खरंच वाकडा असायचा. वेण्या मात्र घट्ट असायच्या. संध्याकाळी शाळेतून परत आली तरी एक केस सुटलेला नसायचा.

आता मित्रांनो, खंडेनवमी. दोन वर्षांपूर्वीची.

तुमच्या घरी त्या दिवशी काय-काय पुजतात? कुणाकडे नांगर, कुणाकडे शिलाईचं यंत्र, कुणाकडे मोटरसायकल. अवजारं धुवायची, हळदीकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, त्यांना विसावा द्यायचा. फार सुंदर रीत आहे ही. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस कुणीतरी म्हणतं, बाबा, आज बस. या रीतीत काहीच वाईट नाही. वाईट झालं ते आम्ही केलं.

त्या वर्षी सगुणाबाईंना वाटलं, अवजारं जमिनीवर कशाला मांडायची? एवढा मोठा पिंजरा आहे, तोच देव्हारा करू. माझ्यावरच्या ट्यूब उतरवल्या. मला धुतलं. अंगदभाऊंनी निळा रंग दिला. माझ्यात पाट मांडला, पाटावर कोरं कापड. त्यावर नट खोलायचे पाने, जुना जॅक, मोठा घण आणि रिंग उडू नये म्हणून चाकाभोवती गुंडाळायची जाड साखळी. मधोमध नारळ आणि समई. आणि माझ्या पुढच्या चौकटीला केवढातरी झेंडूचा हार. वाकलेल्या तिसऱ्या गजावर सगुणाबाईंनी कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले.

हायवेचं दुकान अगदी बंद ठेवता येत नाही. म्हणून अडीअडचणीला एक जॅक, एक पाना, टायर उचकटायची एक टामी, एक छोटा घण आणि कॉम्प्रेसर एवढं कामाला मोकळं ठेवलं. नीट ऐका मित्रांनो. काम करायची अवजारं आम्ही बाहेर ठेवली, आणि माणसाला जपणारी पूजेत बसवली. त्या सकाळी हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मीही खुशीत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, “पिंजऱ्याला हात लावू नका.” मला वाटलं, आता खरी माझी किंमत कळली.

राजानंद त्या दिवशी कामावर होता. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे त्याच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी सगळे पांढरे कपडे घालून विहारात जाणार होते. त्याची सुट्टी दुसऱ्या दिवशीची, म्हणून आज तो आला. भावनानं त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता, आणि संध्यानं सकाळीच बजावलं होतं, “पप्पा, उद्या चार पेडांची घाला.” चार पेडांची त्याला येत नव्हती. चहाच्या वेळेला तो एका तुटक्या दोरीवर शिकत बसला होता.

दुपारी मोसंबीचा ट्रक आला. ड्रायव्हर मच्छिंद्र, तीर्थपुरीचा. मागचं चाक बसलं होतं.

“जल्दी करा भाऊ,” तो उतरता उतरताच म्हणाला. “माल आज नागपूरच्या रस्त्याला लागला न्हाई तर मोसंबीचं लोणचं होईल.”

राजानंदनं चाक खोललं, पंक्चर काढलं, टायर चढवलं, रिंग ठोकली. मग रिंगवर कान लावल्यासारखा वाकून बघितलं. “रिंग जुनी हाय, अंगदभाऊ. एका बाजूनं बसून न्हाई राह्यली. पिंजऱ्यात घ्यावं लागंल.”

अंगदभाऊंनी माझ्याकडे बघितलं. समई जळत होती.

“आई, पाट जरा बाजूला घेऊ का?”

“दिवा जळतो तवर बिलकुल न्हाई,” सगुणाबाई म्हणाल्या. “बसवलेली पूजा हलवतात का कधी? वर्षाचा सण हाय.”

“मंग साखळी तरी द्या,” राजानंद म्हणाला.

“साखळी बी आतच हाय की रं.”

मच्छिंद्रनं घड्याळ बघितलं. अंगदभाऊ एकदा आईकडे, एकदा चाकाकडे बघत राहिले. “एकच चाक हाय, राजा. थोडी-थोडी हवा घेऊ. बराबर बसंल.”

तेव्हा राजानंद माझ्याजवळ आला. त्यानं उजवा हात पुढे केला, हाराच्या गाठीपर्यंत नेला. झेंडूच्या एका फुलाला त्याचं बोट लागलं. मला ते बोट ओळखीचं होतं. मी आतून ओरडायला हवं होतं, उचल! फेकून दे हे सगळं, हेच माझं काम आहे! लोखंडाला ओरडता येत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. पण खरं सांगतो, आज लपवायचं नाही असं ठरवलंय. त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलंही नाही. मला वाटलं, हार सुटू नये.

त्यानं सगुणाबाईंकडे बघितलं आणि हात मागं घेतला.

मग त्यानं चाक भिंतीकडे तोंड करून ठेवलं, जमेल तेवढं लांब उभं राहून चाकात हवा सोडली. पण लांबून रिंग दिसत नव्हती, म्हणून तो जवळ गेला. मीटर सत्तरला गेला तेव्हा ती एका बाजूनं वर आली. “थांबा,” म्हणाला, हवा थांबवली आणि ती खाली बसवायला छोट्या घणानं हलकेच ठोकायला वाकला. आत साठलेली हवा आधी बाहेर सोडायला हवी होती, त्याला ते ठाऊक होतं. पण मच्छिंद्र दुसऱ्यांदा हॉर्न वाजवत होता.

पुढचं मी थोडक्यात सांगतो. तोच आवाज झाला, जो माझ्यात झाला होता. या वेळी मध्ये मी नव्हतो.

मच्छिंद्रनं आपल्या गळ्यातला टॉवेल त्याच्या हाताला आवळून बांधला. जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. मोसंबीचा ट्रक दुसऱ्या दिवसापर्यंत दुकानापुढे तसाच उभा राहिला, त्या मालाचं पुढे काय झालं ते मच्छिंद्रनं कधी सांगितलं नाही. सगळे गेले. दुकानात कुणीच उरलं नाही. आणि मित्रांनो, माझ्या आतली समई जळतच होती. एवढा धक्का बसला, पण माझ्या आडोशाला ती विझलीसुद्धा नाही. दिवा मी नीट सांभाळला होता.

राजानंदचा जीव वाचला. उजव्या हाताचा पंजा डॉक्टरांना काढावा लागला.

गावात लोक काहीबाही बोलले. कुणी म्हणालं नशीब, कुणी म्हणालं पूजेत काहीतरी चुकलं असेल. पिंजरा तिथं असून का वापरला नाही, हे कुणी मोठ्यानं विचारलं नाही. बहुतेक सगळ्यांना उत्तर माहीत होतं. सगुणाबाई दुकानाकडे यायच्या बंद झाल्या. माझा हार आणि आतली पूजा कुणी काढली नाही; अंगदभाऊ बाहेरच्या अवजारांवरच बारीकसारीक कामं करायचे. झेंडू वाळला, काळा पडला, एक-एक फूल माझ्या पायाशी गळत राहिलं. त्या हाराचं मला जेवढं ओझं झालं, तेवढं कुठल्याच चाकाचं झालं नव्हतं.

अडीच महिन्यांनी राजानंद आला. तोच पांढरा शर्ट घातला होता. उजवी बाही भावनानं दुमडून आतून शिवली होती, टाके इतके बारीक की दिसू नयेत. भावनाही सोबत होती. अंगदभाऊ उठून उभे राहिले. बसायला सांगायचं त्यांना सुचलं नाही.

“राजा,” ते म्हणाले, “तू उचलून बाजूला ठेवलं असतंस, तर तुला कोण बोललं असतं रं?”

राजानंद शांतपणे म्हणाला, “तुमी उचलायचं होतं, अंगदभाऊ. तुमची पूजा होती. माझा हात लागला असता आणि सणाला काई वंगाळ झालं असतं, तर ते माझ्या नावावर गेलं असतं. एवढा विचार करण्यातच माझा हात मागं आला.”

“दवाखान्याचा खर्चा तुमी केला, ते न्हाई म्हणत न्हाई,” भावना म्हणाली. “पण भाऊ, माझी लेक सकाळी यांच्यापुढं पाठ करून बसत न्हाई आता. घरात दोघं एकमेकांची नजर चुकवून राह्यले. त्याचा खर्चा कुठून आणू?”

अंगदभाऊ सरळ माझ्याकडे आले. वाळलेल्या हाराची गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी तोडली. पाट, नारळ, सगळं स्वतः बाहेर काढलं. साखळी खांद्यावर घेऊन ते तिथंच खाली बसले आणि तोंडावर हात धरून रडले. मोठा माणूस असा रडताना मी पहिल्यांदाच बघितला.

राजानंद परत कामावर आला. आता तो मीटर बघतो, रिंग तपासतो, चाक माझ्यात गेल्याशिवाय नळीला हात लावू देत नाही. नळीला त्यानं अंगदभाऊंकडून नवी चापाची चावी बसवून घेतली, म्हणजे हवा दुरूनच सोडता येते, दुरूनच थांबवता येते. गंजकी रिंग दिसली की पहिल्यांदा तीच बाजूला फेकतो. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. अंगदभाऊ म्हणतात, “घाई असंल तर पुढं दुकानं लई हायेत, दादा.” पुढच्या खंडेनवमीला सगुणाबाई आल्या, तेव्हा माझ्यात चाक होतं आणि हवा चालू होती. त्या ताट घेऊन दूर उभ्या राहिल्या. हवा पुरी भरून चाक बाहेर येईपर्यंत थांबल्या, मग रिकाम्या गजाला कुंकू लावलं. पाट त्यांनी जमिनीवर मांडला. मला हार घातला नाही. मी त्यांचा आभारी आहे.

पण माझी लाज एवढ्यानं गेली नाही. त्याचं कारण एक रिबीन आहे.

त्या अपघातानंतर भावना पहाटे जाता जाता संध्याचे केस रबरात कसेबसे बांधून द्यायची. शाळेत दोन वेण्या लागत. बाई रागवायच्या. संध्या घरी कधी बोलली नाही. ती रोज दुकानावरून जायची, आणि एके दिवशी जाताना तिनं आपल्या दोन लाल रिबिनी माझ्या चौकटीच्या पोकळ पाइपच्या तोंडात कोंबल्या. घरी दिसल्या तर पप्पाला वाईट वाटेल म्हणून. मला म्हणाली, “सांगू नको हं.” मी कुणाला सांगणार? जवळजवळ दीड वर्ष मी त्या पोरीचं ते गुपित पोटात घेऊन उभा होतो. एवढ्याशा पोरीनं बापाला जपायचं काम केलं, जे माझं होतं.

या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात, राजानंद डाव्या हातानं मला घासत होता. पाइपमध्ये काहीतरी लाल दिसलं. त्यानं ओढलं. एक रिबीन आली, मग दुसरी. गंजानं त्यांच्यावर तपकिरी डाग पडले होते. तो कितीतरी वेळ त्या हातात घेऊन बसला. मग साबण घेऊन नळाखाली गेला आणि एका हातानं दगडावर घासून-घासून धुतल्या.

शाळेच्या पहिल्या सकाळी त्यानं संध्याला हाक मारली. माझ्याजवळ स्टूल ठेवलं होतं. “बस.”

“पप्पा, राहू द्या. रबर छान दिसतं मला.”

“बस म्हणलं ना, माय.”

ती बसली, माझ्याकडे पाठ करून, कितीतरी दिवसांनी. त्यानं केसांचे तीन पेड केले. एकेका पेडाच्या टोकाला चिमटा लावला आणि तिन्ही चिमटे माझ्या तीन गजांना अडकवले. मग एक चिमटा काढायचा, पेड दुसऱ्यावरून न्यायचा, पुन्हा गजाला अडकवायचा. पहिल्या दिवशी तीनदा सुटलं. संध्या मान न हलवता बसून राहिली. चौथ्यांदा वेणी झाली. ढिली, जरा तिरकी. सगुणाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी भांगाकडे बघितलं, काहीतरी चिडवायला तोंड उघडलं आणि पदर डोळ्यांना लावला.

“बोला की काकू,” राजानंद म्हणाला. “वाकडा हाय ना भांग?”

“रस्ताच वाकडा हाय,” संध्यानं सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी असेल. खिळ्याला टांगलेलं बाबांचं हेल्मेट असेल. औषध फवारताना घालायचे म्हणून आणलेले आणि पिशवीतच राहिलेले हातमोजे असतील. त्यांना फूल वाहा, नमस्कार करा, आम्हांलाही बरं वाटतं. पण जपणारी वस्तू शोभेला ठेवू नका. आणि कुणी घाईत म्हणालं, आजच्या दिवस चालतं, तर लहान असलात तरी मध्ये उभे राहा आणि विचारा. हार घातलेल्या पिंजऱ्याला जे जमलं नाही, ते तुम्हांला जमेल. तुम्हांला आवाज आहे.

आता रोज सकाळी पहिलं चाक यायच्या आधी संध्या येते. तीन चिमटे माझ्या तीन गजांना लागतात. मधला पेड नेहमी त्या वाकलेल्या गजाला असतो, कारण तिथून तो घसरत नाही. ती मान मागं वळवून मला सांगते, “घट्ट धर हं.”

मी धरतो. वेणी पुरी होईपर्यंत एक केसही सुटू देत नाही. पण तिच्या पाठीमागं राजानंदची ती दुमडलेली बाही हलत असते, आणि त्या बाहीकडे बघायचं धाडस मला अजून होत नाही.